बांबू थांबतो, चूल थांबत नाही

जंगलावर जगणाऱ्या मुलखात मंदी आली की दोन कारणं ठरल्यासारखी सांगितली जातात. एक तर जंगल संपलं, नाहीतर कायद्यानं तोड बंद पाडली. गडचिरोली जिल्हा आणि त्याला लागून असलेला चंद्रपूरचा पट्टा यांना यातलं एकही कारण लागू पडत नाही. गडचिरोलीचं क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातल्या जवळपास ७० टक्के भागावर आजही जंगल उभं आहे. महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात एवढं जंगल नाही. कायद्याचं म्हणाल, तर गेल्या दीड दशकात तो इथल्या माणसाच्या बाजूनं झुकला आहे. बांबू आणि तेंदूपत्ता विकण्याचा अधिकार ग्रामसभांना मिळाला तो याच काळात. तरीही २०१८ मध्ये तेंदूचा भाव कोसळला, २०२० च्या जानेवारीत बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कागद कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि या तिन्ही वेळी मार बसला तो तोडणाऱ्याला आणि वेचणाऱ्यालाच. जंगल जागेवर होतं, हक्क कागदावर होता, पण घरात पैसा नव्हता. असं का झालं, याचं माझं उत्तर असं आहे: या प्रदेशाला माल विकता येतो, पण विकायचं थांबता येत नाही. ज्याला भाव पडल्यावर थांबता येत नाही, त्याची मालकी अर्धीच असते.

हे अर्धवटपण नवं नाही. इथलं जंगल एकेकाळी मोठ्या प्रमाणावर जमीनदाऱ्यांत होतं. अहेरीची जमीनदारी त्यातली सर्वांत मोठी. गावाला घरबांधणी, अवजारं, सरपण यांसाठी जंगलातून काय काय घेता येईल याच्या निस्ताराच्या नोंदी होत्या. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपल्या, जंगल सरकारकडे आलं, निस्तार नोंदीत राहिला आणि व्यवहारात आटत गेला. त्याच सुमारास वर्धा नदीकाठी बल्लारपूरला कागद कारखाना उभा राहत होता. कंपनी १९४५ ची, आणि ती इथं आली ती मुख्यतः चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलातल्या बांबूसाठी. सरकारनं कारखान्याला बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने आणि सवलतीच्या दरानं दिला. देशभर हीच रीत होती. कर्नाटकात दांडेलीच्या कागद कारखान्याला बांबू सुरुवातीला टनाला दीड रुपया अशा दरानं मिळत होता आणि त्याच जिल्ह्यातला टोपल्या विणणारा कारागीर बाजारात त्याच्या कित्येक पट मोजत होता, हे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी सत्तरच्या दशकातल्या अभ्यासातून पुढे आणलं. आपल्याकडच्या बुरुडांची गत वेगळी नव्हती. सूप, टोपली, ताटवा, कणगी करून पोट भरणाऱ्या कुटुंबाला मोजके बांबू मिळवायला वनखात्याच्या दारात उभं राहावं लागे आणि कारखान्याचे ट्रक मात्र भरून जात. ही तक्रार केवळ कार्यकर्त्यांची होती असं नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनंच मान्य केलं की उद्योगांना सवलतीच्या दरात वनोपज पुरवण्याची पद्धत थांबली पाहिजे आणि उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या साथीनं उभा करायला हवा.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. कारखाना नसता तर बांबू उभ्या जागी वाळला असता. त्यानं निदान मजुरी तरी दिली. हे खरं आहे. उन्हाळ्याआधीच्या महिन्यांत, शेतीचं काम संपल्यावर, बांबूतोड हा हजारो घरांचा आधार होता. माझा आक्षेप कारखान्याच्या असण्याला नाही, तो एकटाच असण्याला आहे. एकच गिऱ्हाईक असलं की मालाची किंमत तर तो ठरवतोच, शिवाय माल कसा असावा हेही तोच ठरवतो. लगद्यासाठी बांबू हवा असतो तेव्हा त्याचे ठरावीक लांबीचे तुकडे करून बंडलं बांधतात. सरळ, भरीव, वीस फुटांची काठी आणि वाकडी, किडकी काठी शेवटी एकाच भट्टीत जातात, त्यामुळे तोडणाऱ्याला चांगली काठी निवडून वेगळी ठेवण्यात काही फायदा नसतो. हीच लांब काठी न तोडता बाजारात नेली तर नारायणगावकडच्या टोमॅटोच्या मांडवाला चालते, शहरातल्या परांचीला चालते, गणपतीच्या मंडपाला लागते, आणि तिचा भाव नगावर ठरतो. म्हणजे इथल्या बांबूला दुसरे ग्राहक नव्हते असं नाही. त्यांच्यापर्यंत जाणारी वाटच तयार झाली नाही, कारण पिढ्यानपिढ्या सगळा व्यवहार एका फाटकाकडे जात होता.

आणि ते फाटक बंद होण्याचं कारण इथल्या जंगलात नव्हतं. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बल्लारपूर इंडस्ट्रीजनं २००७ मध्ये मलेशियाच्या सबा राज्यातली एक लगदा-कागद कंपनी ताब्यात घेतली. तिच्यासोबत लाखो एकर जंगलाचा परवाना आला आणि त्यासोबत कर्जही. पुढच्या दशकात कंपनीचं कर्ज वाढत गेलं आणि खेळतं भांडवल आटत गेलं. गोदावरीच्या पलीकडे कमलापूरमचा रेयॉनचा लगदा करणारा त्यांचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. बल्लारपूरचा कारखाना तोवर उपकंपनीकडे होता, पण मूळ कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा या सगळ्या पट्ट्यात अस्वस्थता पसरली ती साहजिकच होती. धानोरा किंवा एटापल्लीच्या तोडणाऱ्यानं या निर्णयांत कधी तोंड उघडलं नव्हतं, त्याला कोणी विचारलंही नव्हतं. बोर्निओ बेटावरच्या सबातल्या गुंतवणुकीचा हिशेब चुकला आणि त्याचा भार वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यावर आला. जंगलावर अवलंबून राहणं हीच इथली कमजोरी, असं अनेक अर्थतज्ज्ञ सहज बोलून जातात. वस्तुस्थिती उलटी आहे. जंगल दरवर्षी नवे कोंब देत होतं. भरवशाचं नव्हतं ते भांडवल.

हक्कांचा काळ याच्या समांतर चालत आला. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा, आणि १५ ऑगस्ट २००९ ला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला मिळालेलं सामूहिक वनहक्काचं पत्र. मेंढ्याच्या वाट्याला १,८०९ हेक्टर जंगल आलं. मर्दा गावालाही त्याच वेळी हक्क मिळाला. देशातले हे पहिले सामूहिक वनहक्क. पण हक्कपत्र हातात आल्यावरही वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात राहिला, आणि परवान्याविना बांबू गावाबाहेर काढणं म्हणजे चोरी. बांबू गवत की झाड, असा वाद दिल्लीपर्यंत गेला. २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. २०१२ मध्ये नियम बदलून ही वाट देशभर मोकळी झाली. आज गडचिरोलीत तेराशेहून अधिक ग्रामसभांकडे चार लाख हेक्टरांहून अधिक जंगलाचे सामूहिक हक्क आहेत. देशात अन्य कुठल्याही जिल्ह्यात इतकं घडलेलं नाही, आणि मेंढ्याच्या चळवळीतल्या देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी गावागावांत बसून, एकमत होईस्तोवर चर्चा करत जे उभं केलं त्याला महाराष्ट्रानं अजून पुरेसं ओळखलेलं नाही, असं मला वाटतं.

हक्कानं नेमकं काय बदललं हे पाहायचं तर चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पाहावं. २०१२ मध्ये त्या गावाला हजारेक हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. ग्रामसभेनं बांबूचा व्यवहार हाती घेतला, मजुरी आणि विक्री स्वतः ठरवली, आणि मग एक निर्णय घेतला जो कुठल्याही ठेकेदारानं घेतला नसता: तेंदूपत्ता तोडायचाच नाही. चांगली पानं यावीत म्हणून तेंदूची झुडपं छाटतात, काही ठिकाणी आग लावतात, त्यानं जंगलाचं नुकसान होतं आणि फळं खाणाऱ्या पाखरांचं आणि माणसांचं तोंडचं जातं, असा त्यांचा हिशेब होता. हे गाव तेंदूचं उत्पन्न सोडू शकलं कारण बांबूचं उत्पन्न हाताशी होतं. नाही म्हणण्याची ऐपत दुसऱ्या कमाईतून आली. बहुतेक गावांकडे ती दुसरी कमाई नाही, आणि तिथंच हक्काची कथा अडते.

तेंदूकडे जरा जवळून पाहू. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई होते, म्हणजे झुडपं जमिनीलगत छाटतात. नवी पालवी एप्रिलअखेर तयार होते आणि मेच्या दोन-तीन आठवड्यांत सगळा खेळ संपतो. पहाटे बायका, मुलं, म्हातारी माणसं जंगलात जातात, दुपारपर्यंत पानं घरी आणून एकावर एक नीट रचतात, सत्तर पानांचा पुडा बांधतात आणि सायंकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेतात. दिवाणजी पुडे मोजतो, फाटकी, डागाळलेली पानं असलेले पुडे बाजूला काढतो, उरलेले उन्हात पसरतात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. अवकाळी पाऊस आला तर वाळत घातलेलं पान काळं पडतं आणि जूनमध्ये पान जाड होऊन विडीच्या कामाचं राहत नाही. हा माल झुडपावर थांबत नाही. म्हणून तेंदूच्या बाजारात वेळ नेहमी खरेदीदाराच्या बाजूनं असते. नक्षलवाद्यांनी ऐंशीच्या दशकात या भागात पाय रोवले ते तेंदूच्या मजुरीचा प्रश्न हाती घेऊन, हे इथं विसरता येणार नाही. न्याय्य व्यवस्थेनं जो प्रश्न सोडवायचा तो तिनं सोडवला नाही, आणि त्या पोकळीत बंदूक आली. तिची किंमत याच गावांनी दोन्ही बाजूंनी चुकवली.

२०१७ च्या हंगामात ग्रामसभांना तेंदूचे चढे भाव मिळाले. जुलैमध्ये वस्तू व सेवा कर आला; विडीवर २८ टक्के, तेंदूपानावर १८ टक्के. २०१८ मध्ये भाव आपटले, काही ठेकेदारांनी आधी कबूल केलेली रक्कम देण्यात टाळाटाळ केली. तेव्हापासून एक आक्षेप सतत ऐकू येतो: ग्रामसभांना धंदा जमत नाही, सगळं वनखात्याकडे परत द्या. या आक्षेपात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करू. काही गावांनी लिलाव उघड्यावर न करता चार माणसांत बसून सौदे केले. काहींनी अनामत घेतली नाही, करार कच्चा लिहिला, हिशेब गावापुढे मांडला नाही. हे दोष आहेत आणि त्यांचा फायदा ठेकेदारांनी घेतला. पण भाव कोसळला तो या दोषांमुळे नव्हे. वनखातं स्वतः लिलाव करायचं त्या काळातही मंदीच्या वर्षी तेंदूची युनिटं विक्रीविना पडून राहत होती आणि त्या वर्षी मजुराला कामच मिळत नसे. तेव्हा कोणी म्हणालं नाही की खात्याला धंदा जमत नाही, हक्क काढून घ्या. पडत्या बाजारात अननुभवी विक्रेता फसतो. त्यावर उपाय म्हणजे त्याला अनुभव, माहिती आणि पाठबळ देणं. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी करून एकत्र बोलणी सुरू केली, ती याच समजुतीतून. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये करात कपात झाली, तेंदूपानावर ५ टक्के आणि विडीवर १८ टक्के. आठ हंगाम उलटून गेल्यावर. शिवाय विडी हा माणसाच्या छातीला अपाय करणारा आणि हळूहळू आक्रसत जाणारा धंदा आहे, त्यावर पुढच्या पिढीचा संसार उभा करणं मला योग्य वाटत नाही.

म्हणून बांबूकडे परत यावं लागतं. बांबूचा गुण असा की तो थांबतो. चांगल्या रीतीच्या तोडीत बेटातले तीन वर्षांवरचे जून बांबूच काढतात, कोवळे ठेवतात, जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या पेरावर तिरपा घाव घालतात म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, फुटतात तेव्हा बेटाला हात लावत नाहीत. तीन-चार वर्षांनी पुन्हा त्याच बेटाची पाळी येते. भाव पडला तर एखाद्या वर्षाची तोड पुढं ढकलता येते, बांबू तसाच उभा राहतो. अनंतकाळ नव्हे, फार दिवस तोड झाली नाही तर बेट गचपण होऊन कोंब वाकडे येतात. पण एक-दोन हंगामांची सवड निसर्गानं दिलेली आहे. सवड नाही ती तोडणाऱ्याच्या घरात. तिथं हंगामाची मजुरी म्हणजे खरिपाचं बियाणं, शाळेची फी, दवाखाना. बांबू थांबू शकतो आणि चूल थांबू शकत नाही. या दोहोंमधली फट कोणी भरायची, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे.

बँक भरत नाही. वनहक्क कायद्यानं मिळालेला हक्क वारसानं पुढं जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. ही तरतूद शहाणपणाची आहे, ती नसती तर दहा वर्षांत ही जंगलं सावकारांच्या नावे झाली असती. पण तिचा दुसरा परिणाम असा की ग्रामसभेकडे हजारो हेक्टर जंगल असूनही तारण ठेवायला काही नाही. शेतकऱ्याला गोदामातल्या धान्याच्या पावतीवर कर्ज मिळतं. तोडून, मोजून, डेपोत रचलेल्या बांबूच्या पावतीवर ग्रामसभेला कर्ज का मिळू नये? तो जंगम माल आहे, त्यावर कायद्याचा अडसर नाही, फक्त मोजमापाची आणि राखणीची सोय हवी. दुसरी फट आधारभूत किमतीची. केंद्रानं २०१३-१४ मध्ये गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली तेव्हा पहिल्या यादीत दहा वस्तू होत्या. चिंच, मध, मोहाबी, हिरडा, लाख असा माल त्यात होता. बांबू आणि तेंदू, म्हणजे गडचिरोलीच्या दोन प्रमुख वस्तू, त्यात नव्हत्या. तिसरा आधार महाराष्ट्राच्या घरचा आहे. १९७२ च्या दुष्काळातून जन्मलेली आणि १९७७ च्या कायद्यानं पक्की झालेली रोजगार हमीची कल्पना. भाव पडलेल्या वर्षी बेटांची साफसफाई, जाळरेषा, मृदसंधारण ही कामं ग्रामसभेच्याच जंगलात, ग्रामसभेच्याच आराखड्यानुसार निघाली आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर पडेल भावात बांबू विकायची गरजच उरत नाही. मजुरी महिनोन्महिने अडकली तर मात्र ही योजना नुसती नावाची राहते.

प्रक्रिया उद्योग काढा, असा सल्ला नेहमी मिळतो. काढावेतच. पण या सल्ल्याचा अनुभव गडचिरोलीकडे आहे. वनविभागाच्या पुढाकारानं इथं अगरबत्तीची केंद्रं निघाली, शेकडो बायकांना गावात काम मिळालं. मात्र अगरबत्तीच्या काडीचा बाजार व्हिएतनाम आणि चीनच्या स्वस्त काडीनं भरलेला होता. २०१९ मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले, २०२० मध्ये बांबूवरचं आयात शुल्क १० वरून २५ टक्के झालं. म्हणजे गावातल्या केंद्राचं भवितव्य दिल्लीच्या शुल्कपत्रकावर ठरतं. उद्योगाला संरक्षण, यंत्र आणि बाजार तिन्ही लागतात. केवळ प्रशिक्षणाची शिबिरं भरवून भागत नाही. रस्त्यानं जाणारा बांबू महाग पडतो हेही आहे. सगळ्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन आजवर एकच, देसाईगंजचं वडसा.

आता सर्वांत मोठा आक्षेप. लोह खाण आणि पोलाद आलं आहे, बांबू-तेंदूची चर्चा कालबाह्य झाली, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. एटापल्लीच्या सुरजागड डोंगरावर ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला, २०२१ पासून खाण जोमानं सुरू झाली, २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन उत्खननाची परवानगी मिळाली. कोनसरीला पोलादाचा प्रकल्प उभा आहे. ज्या पोरांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्यांनी तो घेऊ नये असं म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. पण या प्रदेशाच्या इतिहासाकडे पाहिलं तर खाणीनं जुनीच रचना पुन्हा आणली आहे: एक मोठा खरेदीदार, कच्चा माल बाहेर, आणि स्थानिकाकडे मजुरी. फरक एवढाच की बांबू पुन्हा उगवतो, लोहखनिज उगवत नाही. पोलादाचा बाजार कागदाइतकाच चढउताराचा आहे. उद्या त्यात मंदी आली तर पगाराच्या भरवशावर बांबूची रीत, जंगलाची राखण आणि ग्रामसभेची बैठक सोडून दिलेल्या गावाकडे परतायला काही उरणार नाही. खाण असो वा नसो, जंगलाची अर्थव्यवस्था जिवंत ठेवणं हा या जिल्ह्याचा विमा आहे. उरला तोड पूर्ण बंद करा म्हणणाऱ्या निसर्गप्रेमींचा आक्षेप, तर तो सागाच्या जुन्या जंगलाबाबत मला मान्य आहे, बांबूबाबत नाही. आलापल्लीचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला याचा इथल्या लोकांना अभिमान आहे, तो असावाही. पण सागाचा पैसा वनविकास महामंडळाच्या डेपोतून जातो. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो, आणि ज्या गावाच्या खात्यात जंगलाचा पैसा येतो ते गाव वणवा लागला तर रात्री उठून विझवायला जातं.

तेंदूच्या पुढच्या हंगामाचं वेळापत्रक ठरलेलं आहे: फेब्रुवारीत खुटकटाई, मेमध्ये तोड. त्याआधी जानेवारीतच जिल्हाभरातल्या ग्रामसभांचे लिलाव एकाच ठिकाणी, जाहीरपणे व्हावेत, निम्मी रक्कम अनामत म्हणून आधी जमा व्हावी आणि कराराचा एकच पक्का नमुना सगळ्यांनी वापरावा, एवढं जिल्हा प्रशासन आणि महाग्रामसभा मिळून करू शकतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. बांबूसाठी तालुक्याला एक डेपो, मोजमापाची पावती आणि त्या पावतीवर उचल देणारा फिरता निधी लागेल. तो आदिवासी विकासाच्या अर्थसंकल्पातून निघू शकतो, आणि एका हंगामात दिलेली उचल बांबू विकल्यावर परत येत असल्यानं तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. निधीची राखण ग्रामसभांच्या महासंघाकडे असावी, खात्याकडे नव्हे, आणि लेखापरीक्षण दरवर्षी गावात वाचून दाखवलं जावं. आधारभूत किमतीच्या यादीत बांबूचं नाव घालण्याचा ठराव राज्यानं केंद्राकडे पाठवावा, तोही याच हिवाळी अधिवेशनात.